एका हंगामाच्या मोजणीवर किनाऱ्याचे भवितव्य ठरवू नका

प्रति,
किनाऱ्यांच्या अभ्यासाला निधी देणाऱ्या आणि किनाऱ्यावरच्या बांधकामांना मंजुरी देणाऱ्या सर्व संस्था व त्यांच्या तज्ज्ञ समित्या

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावरचे कोणतेही मोठे काम आपल्यापुढे मंजुरीला येते तेव्हा सोबत एक जाडजूड अहवाल असतो. लाटांची सरासरी उंची, भरती-ओहोटीचे तक्ते, वाळूच्या कणांचा आकार, पुळणीचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याचे, काही छेद (ठरावीक रेषेवर मोजलेला उंचीचा चढउतार) असे सगळे त्यात असते. ही मोजमापे बहुधा एका हंगामातली, फार तर एका वर्षातली असतात. तेवढ्या आधारावर पुढची 30 किंवा 50 वर्षे किनारा कसा वागेल, याची ग्वाही शेवटच्या प्रकरणात दिलेली असते. मी किनाऱ्याच्या भूरूपांचा अभ्यास करते आणि तोच विषय शिकवते. ही ग्वाही देण्याइतकी माहिती त्या अहवालांत नसते, हे आपल्याला सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

माझे मागणे एकच आहे. किनाऱ्याची मोजणी दीर्घकाळ आणि खंड न पडता व्हावी, वाळू जिथून येते आणि जिथवर जाते त्या सगळ्या पट्ट्यात व्हावी, आणि त्यासाठी लागणारा पैसा व अधिकार आपण द्यावेत. हे का हवे, ते जरा विस्ताराने लिहिते. कारण ते पटले नाही तर मोजणीवरचा खर्च प्रत्येक अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जातो.

किनारा घडवणारी ऊर्जा दुरून येते. लाट उठते ती वाऱ्यामुळे. वारा किती जोराचा होता, किती वेळ वाहिला आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, यावर तिचा आकार ठरतो. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी गोल फिरत राहते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. ती मंदावते, उंचावते, आणि तिची उंची तिथल्या खोलीच्या साधारण 80 टक्क्यांवर पोचली की फुटते. म्हणजे लाट कुठे फुटणार हे तळाचा उंचसखलपणा ठरवतो आणि तो उंचसखलपणा फुटणाऱ्या लाटाच घडवतात. कारण आणि परिणाम इथे सतत जागा बदलत असतात. त्यात लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते: उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. म्हणून वर्षातले मोजके वादळी दिवस पुळणीचा चेहरा बदलून टाकू शकतात. अहवालातल्या सरासरी उंचीत नेमके तेच दिवस बुडून जातात.

वादळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात तेव्हा ती वाळू नाहीशी होत नाही. ती थोडी समुद्राच्या बाजूला, पाण्याखाली दांड्याच्या, म्हणजे लांबट उंचवट्याच्या, रूपाने साठते. त्या दांड्यावर पुढच्या लाटा आधीच फुटतात आणि किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. हवा शांत झाली की लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या धक्क्यावर फ्रान्सिस शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930च्या दशकात पुनःपुन्हा तळाची खोली मोजून ही ये-जा दाखवून दिली. आता विचार करा, एखाद्याने पुळणीचा छेद फक्त वादळी हंगामाच्या शेवटी घेतला, तर त्याला धूप दिसेल. फक्त शांत हंगामाच्या शेवटी घेतला, तर भर दिसेल. दोन्ही आकडे प्रामाणिकपणे मोजलेले असतील आणि दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल. दोन वर्षांच्या मोजण्या वेगवेगळ्या महिन्यांतल्या असतील आणि त्यांची वजाबाकी करून 'दरवर्षी इतके मीटर धूप' असे लिहिले असेल, तर तो आकडा ऋतूचा असतो, किनाऱ्याच्या कलाचा नव्हे.

आणि मोजणी बहुतेक वेळा होते ती शांत दिवशी. नौका वादळात बाहेर काढता येत नाही, उपकरणे वाहून जातात, ही अडचण खरीच आहे. पण काम घडते ते वादळातच. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या डक इथे 1977 मध्ये याच कारणासाठी 560 मीटर लांबीचा संशोधन-धक्का उभारला गेला. फुटत्या लाटांच्या पलीकडे पोचेल इतका तो लांब आहे. तिथे तीन उंच पायांची, सुमारे 10 मीटर उंचीची एक गाडी लाटांमधून चालवत नेऊन तळ मोजला जाई. वादळात पाण्याखालचा वाळूचा दांडा किती वेगाने समुद्राकडे सरकतो आणि नंतर किती सावकाश परत येतो, हे समजले ते अशा हट्टाने केलेल्या मोजणीमुळे. असा धक्का प्रत्येक किनाऱ्यावर बांधा असे मी म्हणत नाही. पण वादळापूर्वीचा आणि वादळानंतर लगेचचा छेद हवाच, एवढी अट तरी मंजुरीच्या नियमांत असू शकते.

दीर्घ मोजणी म्हणजे भारी यंत्रे आणि कोट्यवधींचा खर्च, असा एक समज आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला कॉलरॉय-नॅराबीन नावाची साडेतीन किलोमीटरहून थोडी लांब पुळण आहे. 1976 मध्ये अँड्र्यू शॉर्ट यांनी तिथे दर महिन्याला ठरावीक रेषांवर छेद घ्यायला सुरुवात केली. पद्धत के. ओ. एमरी यांनी 1961 मध्ये मांडलेली होती: सारख्या उंचीच्या दोन खुणांच्या काठ्या, ठरावीक अंतर, आणि समोर क्षितिज. पुढची काठी किती खाली गेली हे क्षितिजाच्या रेषेवरून वाचायचे, मग काठ्या पुढे न्यायच्या. बस्स. पुढे उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आली, कॅमेरे आले, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने काम पुढे चालवले. रेषा त्याच राहिल्या आणि महिन्याचा नेमही चालू राहिला.

त्यातून काय हाती आले ते पाहा. सुरुवातीची काही वर्षे पुळण रुंद-अरुंद होताना दिसत होती, त्यात नवे काही नव्हते. मोजणी पुष्कळ वर्षांची झाल्यावर लक्षात आले की या पुळणीची दोन टोके अनेकदा उलट वागतात. एक टोक भरते तेव्हा दुसरे झिजते, जणू सगळी पुळण मधल्या एका बिंदूभोवती किंचित वळते आहे. हे वळणे लाटांच्या दिशेशी जोडलेले होते आणि लाटांची दिशा पॅसिफिकमधल्या एल निनो-ला निनाच्या फेऱ्यांशी. दोन-तीन वर्षांची मोजणी घेऊन कोणी दक्षिण टोकावर उभा राहिला असता, तर त्याने 'कायमची धूप' असा निकाल देऊन भिंत मागितली असती. त्याच वेळी उत्तर टोकावरच्या माणसाने किनारा वाढतो आहे असे सांगितले असते. मग जून 2016 मध्ये नेहमीपेक्षा वेगळ्या, पूर्वेकडच्या दिशेने वादळी लाटा आल्या आणि कॉलरॉयला पुळणीचा मोठा भाग एका फटक्यात गेला, मागची घरे उघडी पडली. त्या हानीत लाटांच्या उंचीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त वाटा त्यांच्या दिशेचा होता, हे अभ्यासकांना सांगता आले. तुलनेसाठी मागची 40 वर्षे हाताशी होती म्हणूनच हे शक्य झाले. ही सगळी मोजमापे आज कोणालाही वापरता येतील अशी खुली आहेत.

एक वर्ष पुरत नाही हे समुद्र आणखी एका प्रकारे सांगतो. अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती ही पंधरवड्याची ओळखीची फेरी. पण चंद्राच्या कक्षेच्या झुकावामुळे भरतीच्या उंचीत एक मंद चढउतार होतो आणि त्याची फेरी पूर्ण व्हायला 18.6 वर्षे लागतात. म्हणून भरतीची अधिकृत सरासरी पातळी ठरवताना 19 वर्षांच्या नोंदी धरण्याची पद्धत आहे. पाण्याच्या पातळीला आपण 19 वर्षे देतो आणि त्या पाण्याने घडणाऱ्या किनाऱ्याला एक वर्ष, हे मला कधीच पटलेले नाही.

आता जागेच्या मर्यादेविषयी. आपण अभ्यासाची हद्द आखता ती प्रकल्पाच्या नकाशावरून, किंवा प्रशासकीय सीमेवरून. वाळूला ती हद्द ठाऊक नसते. लाट किनाऱ्याला तिरपी आली की वाळूचे कण तिरपे वर चढतात आणि उताराने सरळ खाली येतात. लाटांमागून लाटा येत राहतात तसे ते कण किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकत जातात. फुटत्या लाटांच्या पट्ट्यात किनाऱ्याला समांतर प्रवाहही तयार होतो आणि तो या वाहतुकीला मोठा हातभार लावतो. कॅलिफोर्नियातच सांता बार्बरा इथे 1927 ते 1930 या काळात बंदरासाठी ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, बांधला गेला. पश्चिमेकडून येणारी वाळू त्याच्यापाशी अडून साठू लागली, नंतर बंदराच्या तोंडात शिरली, आणि पूर्वेकडच्या पुळणी वाळूवाचून खंगल्या. तेव्हापासून तिथे गाळ उपसून वाळू पलीकडे नेऊन टाकावी लागते. ते काम आजही संपलेले नाही. धूप झाली त्या पुळणी बांधकामाच्या हद्दीबाहेर होत्या, एवढाच या कहाणीतला कळीचा मुद्दा आहे.

हद्द कधीकधी समुद्रात नसतेच. अस्वानचे उंच धरण 1970 मध्ये पूर्ण झाल्यावर नाईलचा गाळ धरणामागे अडला. शेकडो किलोमीटर खाली, त्रिभुज प्रदेशाच्या काठावर, नाईलच्या रोझेटा या फाट्याच्या मुखाशी असलेले टोक नंतर झपाट्याने मागे सरकत गेले. नदीवरच्या धरणाच्या अहवालात समुद्रकिनाऱ्याचे प्रकरण असायला हवे, असे त्यामुळेच मी म्हणते. किनाऱ्याच्या पुळणी म्हणजे वाळूचा जमाखर्च आहे. नद्या, झिजणारे कडे आणि समुद्राचा तळ यांतून जमा होते. वाऱ्याने जमिनीकडे उडणारी, समुद्रतळावरच्या खोल दरीत घसरणारी, माणसाने उपसलेली वाळू खर्ची पडते. जमेचा रकाना न पाहता फक्त शिल्लक मोजून काय समजणार?

यातही एक प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ही वाळू किंवा हे गोटे आले कधी? इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर हॉलसँड्स नावाचे मच्छीमारांचे गाव होते. समोर गोट्यांची रुंद पुळण होती, गावाची खरी ढाल तीच. 1897 मध्ये प्लिमथजवळच्या नौदलाच्या गोदीच्या बांधकामासाठी तिथून गोटे उपसायला सुरुवात झाली. काढलेले गोटे समुद्र परत आणून भरेल असे गृहीत धरले होते. 1902 मध्ये उपसा थांबला तोवर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता आणि पुळण काही मीटर खाली बसली होती. जानेवारी 1917 च्या वादळात, भरतीच्या वेळी, गाव उद्ध्वस्त झाले.

गोटे परत का आले नाहीत? कारण ते आजच्या समुद्राने आणलेलेच नव्हते. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळला, पाणी चढत आले आणि उघड्या पडलेल्या भूखंड-मंचावरचे (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरचे) गोटे, वाळू पुढे ढकलत आले. 6,000 ते 7,000 वर्षांपूर्वी ही चढण मंदावली आणि आजचे बहुतेक किनारे तेव्हापासून आकाराला आले. हॉलसँड्सचा साठा त्या काळातला होता. त्याला नवी आवक नव्हती. बाहेरून पाहताना तो इतर कोणत्याही पुळणीसारखाच दिसत होता, लाटांबरोबर हलतही होता. पण हलणारी वाळू आणि नव्याने येणारी वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगातल्या पुष्कळ पुळणी अशा जुन्या ठेवीवर उभ्या आहेत. आपल्यापुढे येणाऱ्या किती अहवालांत साठ्याचे वय तपासलेले असते?

सगळे किनारे वाळूचे नसतात, हेही ओघाने सांगायला हवे. ॲमेझॉनचा चिखल दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याने प्रचंड चिखलपट्ट्यांच्या रूपात वायव्येकडे सरकतो, वर्षाला किलोमीटरहून अधिक. चिखलपट्टी समोर असते तोवर ती लाटांचा जोर गिळते, तिवरे पुढे वाढतात. पट्टी पुढे सरकली की तोच किनारा झिजू लागतो. खडकाळ कड्यांचे वेळापत्रक आणखी निराळे: वर्षानुवर्षे काही होत नाही आणि एका दिवशी मोठा कडा कोसळतो. तीन प्रकारच्या किनाऱ्यांना मोजणीचा एकच साचा लावण्यात अर्थ नाही.

समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा इतके थांबायला वेळ कुठे आहे, असे मला काही अधिकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. 1901 ते 2018 या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली आणि अलीकडचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरच्या घरात गेला आहे. पण घाई असते तेव्हाच अहवालांत एक सोपे सूत्र वापरले जाते. पेर ब्रून यांनी 1962 मध्ये मांडलेल्या नियमाने पातळी इतकी वाढली तर किनारा इतका मागे जाईल, असा आकडा मिनिटभरात निघतो. त्या नियमाला काही गृहीतके आहेत: पुळणीचा आकार ठरलेला राहतो, आणि किनाऱ्याच्या कडेने वाळूची निव्वळ आवक-जावक नसते. वर सांगितलेल्या एकाही किनाऱ्यावर ही गृहीतके धड टिकत नाहीत. सूत्र वापरू नये असे नाही. पण ज्या किनाऱ्याचा जमाखर्च कोणी मोजलेलाच नाही तिथे त्या आकड्यावर घरे हलवण्याचे किंवा न हलवण्याचे निर्णय घेणे मला अन्यायाचे वाटते.

उपग्रहांनी हे काम सोपे केले आहे का? थोडेसे, हो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात 1984 ते 2016 च्या उपग्रह-प्रतिमांवरून असे दिसले की वाळूच्या किनाऱ्यांपैकी 24 टक्के वर्षाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने झिजत आहेत, 28 टक्के वाढत आहेत आणि 48 टक्के स्थिर आहेत. सगळीकडे धूपच चालली आहे या समजुतीला यातून चांगलाच धक्का बसतो. मात्र प्रतिमेत दिसते ती पाण्याची कड. पाण्याखालच्या दांड्यात किती वाळू आहे, पुळण उंचीने खचते आहे का, हे पाण्यात उतरूनच मोजावे लागते. उपग्रह आहे म्हणून जमिनीवरची मोजणी बंद करण्याचे प्रस्ताव आले, तर कृपया ते नाकारा.

हे सगळे सरकारी यंत्रणेला जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. नेदरलँड्समध्ये किनाऱ्यावर खांब रोवून भरतीची रेषा, ओहोटीची रेषा आणि वाळूच्या टेकड्यांचा पायथा मोजण्याची सुरुवात 1843 मध्ये झाली. 1965 पासून तिथे संपूर्ण किनाऱ्याचे दरवर्षी, साधारण दोन-अडीचशे मीटरच्या अंतराने, पाण्याखालपर्यंत छेद घेतले जातात. 1990 मध्ये किनाऱ्याची रेषा तिथेच राखायची असे धोरण ठरले तेव्हा ती रेषा कुठली, हे सांगायला नोंदी तयार होत्या. कुठे किती वाळू टाकायची हे त्यांच्यावरून ठरते. 2001 पासून वर्षाला सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटरचे लक्ष्य ठेवले गेले. 2011 मध्ये तर एकाच जागी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळूचा कृत्रिम भूभाग रचून तो लाटा-वाऱ्यांनी किनाऱ्याभर पसरू देण्याचा प्रयोग झाला. निसर्गाच्या वाहतुकीवर एवढा भरवसा टाकण्याचे धाडस त्यांना झाले, कारण ती वाहतूक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजली होती.

तेव्हा माझी आपल्याला विनंती अशी. किनाऱ्याच्या मोजणीला प्रकल्पाच्या निधीतून नव्हे, कायमस्वरूपी तरतुदीतून पैसा द्या. भरतीमापक केंद्रे आणि हवामान केंद्रे चालतात तशी ती चालली पाहिजे. प्रकल्प संपला की मोजणी संपते, आणि नवा प्रकल्प आला की नवा ठेकेदार नव्या रेषांवर, नव्या आधारपातळीवरून शून्यापासून सुरुवात करतो. जुन्या नोंदींशी त्या जुळतही नाहीत. रेषा आणि आधारखुणा एकदा ठरवा, पक्क्या रोवा आणि त्या कोणालाही बदलू देऊ नका. यंत्रे नसतील तिथे एमरींच्या काठ्यांनी सुरुवात करा. किनाऱ्यालगतच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना महिन्यातून एक सकाळ पुरते, आणि त्यातून जे शिकणे होते ते आमच्या वर्गातल्या आकृत्यांनी होत नाही. मच्छीमारांना वाळूच्या दांड्यांची आणि खाडीच्या मुखाची खडानखडा माहिती असते. तीही तारीखवार नोंदली गेली पाहिजे.

मंजुरीच्या वेळी अभ्यासाची हद्द वाळूच्या वाटेवरून आखलेली आहे का, ते विचारा. साठा जुना आहे की त्याला आवक आहे, याचे उत्तर अहवालात नसेल तर अहवाल परत पाठवा. मोजलेले आकडे, नुसते आलेख नव्हे, सर्वांना खुले करा.

आणि बांधून झाल्यावर मोजा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होते. भिंत उभी राहिली, धक्का उभा राहिला, की भाकीत बरोबर आले का हे पाहायला सहसा कोणी जात नाही. चुकलेले भाकीत लपून राहते आणि पुढच्या किनाऱ्यावर तेच पुन्हा वापरले जाते. प्रत्येक मंजुरीपत्रात एक कलम घाला: बांधकामाच्या दोन्ही बाजूंना, वाळूच्या वाटेने जिथवर परिणाम पोचू शकतो तिथवर, दर महिन्याला आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर छेद घेतले जातील, निदान 20 वर्षे. त्याचा खर्च बांधकामाच्या रकमेतच धरला जाईल आणि मूळ भाकितासोबत तुलना करून दरवर्षी तो तक्ता जाहीर होईल. पुढच्या बैठकीत आपल्यापुढे येणाऱ्या पहिल्याच प्रस्तावाला हे कलम लावता येईल.

आपली,
किनाऱ्यांची एक अभ्यासक व शिक्षिका